गुळाच्या गाड्या आणि साखरेचे ड्रायव्हर

मला पहिल्यापासून माणसाच्या अंगाची किळस येते. डॉक्टर असून किळस कसली, असं लोक विचारतात. अहो, डॉक्टर झालो म्हणूनच येते. तुम्हाला माणूस दिसतो तो धुतलेला, विंचरलेला, सदरा घातलेला. आम्हाला दिसतो तो जीभ बाहेर काढलेला. शिकत असताना पहिलं गळू फोडलं, तेव्हा रोग्याच्या आधी मी आडवा झालो आणि प्रोफेसरांनी रोग्यालाच मला वारा घालायला बसवलं.

तरी पास झालो आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेत पाटी लावली : डॉ. यज्ञेश्वर हेर्लेकर. पाटी लावली आणि पस्तावलो. पेठ तालमींची. तिथं गळवं पिकतात तशी जगात कुठं पिकत नसतील. एकेक गळू लिंबाएवढं, आणि ते दाखवायला आलेला पैलवान त्याच्याकडं पोटच्या पोरासारखा कौतुकानं बघणार. नायट्यांचे तर नकाशेच. एका गड्याच्या पाठीवर मी अख्खं करवीर पाहिलेलं आहे, पंचगंगेच्या वळणासकट. संध्याकाळी घरी आलो की साबणाची वडी निम्मी होईपर्यंत हात धूत बसायचो. पानावर ताटकळलेली सरोजिनी म्हणायची, "अहो, एवढी किळस येते तर घड्याळजी व्हायचं होतं."

"अगं, घड्याळातसुद्धा लोकांच्या मनगटाचा मळ असतो."

"मग जेवता कसे? अन्न काय हातानं शिवलेलं नसतं?"

त्यानंतर मी महिनाभर भात चमच्यानं खाल्ला.

अशात संस्थान विलीन झालं आणि मुंबईचे कायदे आमच्याकडं आले. आमच्याकडं तोवर ड्रायव्हर चांगला की वाईट हे गाडी घाटातून परत आली की नाही यावरून ठरायचं. आता हुकूम निघाला, की भाड्याची मोटार नाहीतर लॉरी चालवणाऱ्याची डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, आणि ती करणारा डॉक्टर सरकारनं पारखून घेतलेला हवा. मला स्वर्गाचं दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. धडधाकट माणसं येणार. डोळे बघायचे, कान बघायचे, छातीला नळी लावायची, सही करायची. पू नाही, उलटी नाही, बाळंतपण नाही. हात न मळवता डॉक्टरकी!

आणि ते जमलं नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. नेसरीच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी होती आणि माझे सासरे खटपट करून ती माझ्यासाठी धरून बसले होते. त्या दवाखान्यात नारूचे रोगी येतात, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांनी देवाला नारळ वाढवावा. पायातून सुतळीसारखा किडा निघतो आणि तो काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा असतो, घाई केली की तुटतो. मी तर तो झोपेत गुंडाळायला लागलो होतो. एकदा स्वप्नात त्याचा स्वेटर विणून सासऱ्यांना घातला. तर सासऱ्यांना महिनाअखेरीला हो-नाही कळवायचं होतं. ड्रायव्हर मिळाले तर वाचलो, नाहीतर नारू.

डॉक्टर पारखायचं काम जिल्ह्यावर नव्यानं आलेल्या सरकारी डॉक्टरांकडं होतं. पलटणीतून आलेले, म्हणून सगळे त्यांना मेजर म्हणत. मी बंगल्यावर गेलो तेव्हा ते एका हातानं उकडलेलं अंडं खात होते आणि दुसऱ्या हातानं बरणीतलं कुणाचंतरी पोटातलं काहीतरी उजेडात फिरवून बघत होते. कुठला हात तोंडाकडं जातोय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. माझं मात्र दुसरीकडं कुठंच नव्हतं.

"हेर्लेकर," ते म्हणाले, "ड्रायव्हरच्या अंगात साखर असली की एक दिवस वळणावर डोळ्यांपुढं अंधारी येते. मागं बसलेली माणसं दरीत. म्हणून आधी लघवी तपासायची. ब्रह्मदेशात आमच्याकडं औषध नव्हतं. वारुळापाशी ओतायचो. मुंग्या आल्या, की शिपाई घरी. घाण वाटते तुम्हाला?"

"छे, छे."

"मग तोंड असं का?"

"ते जन्मापासून आहे, सर."

मेजर हसले नाहीत. त्यांनी अंडं संपवलं. "हंबीररावांच्या गाड्यांवरचे सगळे ड्रायव्हर तपासा. रविवारी मी येतो आणि तेच पुन्हा तपासतो. आपलं जुळलं, तर परवाना. नाही जुळलं, तर नमस्कार."

हे हंबीरराव म्हणजे पेठेतलं बडं प्रस्थ. त्यांच्या लॉऱ्या गूळ भरून घाट उतरायच्या आणि कोकणातून सुकी मासळी भरून वर यायच्या. तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरांना वास कसला यायचा हे मी सांगत नाही. तुम्ही बोंबील काकवीत बुडवून उन्हात ठेवा आणि वर बिडी ओढा, म्हणजे कळेल.

पहिला आला कृष्णात, गडमुडशिंगीचा, ड्रायव्हरांचा म्होरक्या. सदरा काढ म्हटलं. त्यानं काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तो सदरा टेबलावर उभा राहिला, अगदी बाह्यांसकट. काखेत थर्मामीटर लावलं तर पारा वर चढायचा सोडून खाली जाऊन लपला. कानात बघितलं तर गाडीला घालून उरलेलं वंगण.

"कृष्णात, कान शेवटी कधी धुतलास?"

"कान धुत्यात व्हय, डाक्टर? आत पानी गेलं म्हंजी?"

त्याला अक्षर येत नव्हतं. म्हणून समोरच्या कौलावरचे कावळे मोजायला सांगितले. त्यानं एक जास्त सांगितला.

"हा जास्तीचा कुठाय?"

"त्यो न्हवं का, पन्हाळ्याकडं निघालाय."

मी खिडकीतून बघितलं. आभाळ मोकळं. मी दृष्टी उत्तम असं लिहिलं. वाद घालायला त्याच्या तोंडाजवळ जावं लागलं असतं.

असे सगळे झाले. कुणाची जीभ तंबाखूनं काळी, कुणाच्या नखांत सगळ्या घाटाची माती. एकानं खोकून दाखवलं ते माझ्या चष्म्यावर. रोज घरी जाऊन मी चष्मा उकळत होतो. पण मनात म्हणत होतो, हेर्लेकरा, सोस. पहिल्यांदाच एवढं. पुढं हीच माणसं नियमानं येतील, नियमानं जातील. नारूपेक्षा हे परवडलं.

पहाटेची पहिली लघवी तपासायची असते. म्हणून प्रत्येकाला स्वच्छ बाटली दिली आणि घरून आणायला सांगितलं. शनिवारी सकाळी कृष्णातच सगळ्यांच्या बाटल्या एका करंडीत घालून घेऊन आला, वरून पळसाची पानं झाकून, देवाचा प्रसाद आणावा तशी. "अजून कोमट हाय बगा," म्हणाला. मी ती त्यालाच टेबलावर ठेवायला लावली.

तपासणी सोपी असते. निळं औषध काचनळीत घ्यायचं, त्यात चार थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. निळं राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर भरपूर आहे. मी नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधला आणि कृष्णाताची बाटली घेतली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता नवीन भाजलेल्या विटेसारखं लाल. म्हटलं, अरेरे, बिचारा कृष्णात. दुसऱ्याची घेतली. लाल. तिसऱ्याची लाल. सगळ्यांची लाल, आणि सगळ्यांची एकाच भट्टीतली वीट असावी तशी सारखीच लाल.

मी डोकं धरून बसलो. गूळ वाहून वाहून माणसात मुरतो की काय? तेवढ्यात पायाला काहीतरी चावलं. खाली बघतो तर मुंग्या. उंबऱ्यावरून रांग, टेबलाच्या पायावरून रांग, करंडीवर तर काळा पदर पांघरल्यासारखा. आमच्या पेठेतल्या होत्याच, पण काही शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारी सोडून आलेल्या दिसत होत्या. त्या दमलेल्या होत्या, आणि त्यांची पोटं आधीच गोल होती. संध्याकाळपर्यंत वखारवाले मुंग्या कुठं गेल्या म्हणून बघायला आले, असं मी म्हणत नाही. पण आले असते तर त्यांना त्या इथंच सापडल्या असत्या.

मी कृष्णाताला बोलावणं धाडलं.

"कृष्णात, ही बाटली कुणाची?"

"माझी की."

"आणि ही?"

"त्ये ज्ञानूचं."

"मग दोन्हींत एकच कसं?"

कृष्णातानं डोकं खाजवलं. मग त्याचं तोंड फुललं. "वळाकलासा व्हय? मी म्हनलंच हुतं, डाक्टर हुशार हाय, बरुबर वळाकणार. असला माल ड्रायव्हरात कुठला निघायला!"

"कुणाचा माल आहे हा?"

"आकाराम पैलवानाचा."

आकाराम म्हणजे पेठेतला सगळ्यांत मोठा पैलवान. मी खुर्चीत बसलो. त्या खुर्चीवर मुंग्या होत्या, तरी बसलो.

"आता बगा," कृष्णात मला लहान मुलाला समजवावं तसं सांगायला लागला, "जत्रंत कुस्ती गावाची असती का न्हाय? मग काय सगळा गाव लंगोट लावून उतरतोय? गाव आपला एक गडी काडतंय. त्यो जितला, गाव जितलं. सरकार म्हनलं, ड्रायव्हरं कसली हाईत दावा. आमी बसून इचार केला. ज्ञानू दारू पितोय, मला खोकला हाय. म्हनलं, आपला गडी काडूया. पैलवान न्हाय म्हनला न्हाय. तुमच्यासाठनं पहाटं उठून घागरभर पानी प्याला."

"अरे, पण त्याला सांगितलंय का, कशासाठी ते?"

"सांगितलंय की. मेजरसंगं हाय म्हनून."

"काय, कुस्ती?"

"न्हवं, ह्ये. पर त्येला काय, मैदान त्ये मैदान." कृष्णात पुढं सरकला. मी मागं सरकलो. "लई दांडगा गडी हाय, डाक्टर. आताशा तर रांजण रिता करतोय पान्याचा. राती कितींदा उठतोय त्येची मोजदाद न्हाय. वस्ताद म्हनतोय, ताकत वर यायला लागलीया."

ताकद! तहान थांबत नाही, लघवी थांबत नाही आणि बाटलीत पाक. मला तो पैलवान आतून कसा विरघळत चाललाय ते लख्ख दिसलं, आणि ही माणसं त्याच्या विरघळण्याला टाळ्या वाजवत होती.

कृष्णात गेला आणि हंबीरराव आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. जरीचा फेटा, कानात अत्तराचा बोळा, तोंडात पान. आल्या आल्या त्यांनी मी नुकतंच उकळून ठेवलेलं भांडं ओढून घेतलं आणि त्यात पचकन थुंकले.

"डॉक्टर, काय खूळ काढलंयसा? पोरांनी गंमत केली म्हनं."

"गंमत नाही. आकारामाला मोठा आजार आहे."

"आकारामाला?" ते हसले. लाल दात, लाल हिरड्या. "आवो, त्यानं भिताड ढकललं तर भिताड आजारी पडंल. पंजाबच्या गड्यासंगं त्येची कुस्ती लावलीया मी. गावभर जाहिराती लागल्यात. आता त्येच्या कानावर आजार घालायचा न्हाय. कुस्ती हुं द्या, मग तुमी त्येला उकळून तपासा."

"कुस्तीत तो मरेल."

"जितला तर न्हाय मरायचा." त्यांनी परत माझ्या भांड्यात पिचकारी मारली. "ह्ये बगा, डॉक्टर. ते निळं औषध हाय न्हवं? ते निळंच राहू द्या. मेजर आला की बाटल्यांत पाणी भरून दावा. माझी ड्रायव्हरं जन्मभर तुमच्या दारात, आणि नुसती माझीच न्हवं, सगळ्या मोटरवाल्यांची. माझ्या शब्दाभाईर कोन हाय? आणि न्हाय ऐकलासा, तर एक ड्रायव्हर तुमची पायरी चढायचा न्हाय. मग बसा गळवं फोडत. न्हायतर ते नेसरीला काय म्हनत्यात ते."

नेसरीचंही त्यांना ठाऊक होतं. ते गेल्यावर मी ते भांडं चिमट्यानं उचललं आणि चिमट्यासकट परसात पुरलं.

सरोजिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नारूचा किडा पायातून बाहेर तरी येतो. हंबीररावांसारख्यांचं काय करायचं?" आणि निवडत राहिली. मी तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच माझ्यापेक्षा घाणेरडं बोलून दाखवलं होतं.

रविवारी सकाळी माझ्या दवाखान्यासमोर हलगी वाजायला लागली. पेठेनं मैदान समजूनच तयारी केली होती. ड्रायव्हर फेटे बांधून ओळीत उभे. हंबीरराव खुर्ची टाकून पुढं. आणि मधोमध आकाराम पैलवान. मी त्याला इतका जवळून पहिल्यांदाच बघत होतो. अंगानं अजून डोंगर होता, पण डोंगराची माती खचल्यासारखी कातडी सैल झाली होती. ओठांवर पापुद्रे. शेजारी पाण्याची कळशी ठेवली होती आणि तो दोन वाक्यांच्या मध्ये ती तोंडाला लावत होता. दवाखान्याच्या पायरीवर चढताना डावा पाय त्यानं हळूच टेकला. त्याबरोबर वारा आला आणि त्या वाऱ्यात एक वास होता. तो बोंबलाचा नव्हता.

मेजर आले. कृष्णात पुढं झाला. "या पावणं, बसा. च्या घेणार?"

मेजरांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. "हेर्लेकर, निकाल?"

हंबीरराव माझ्याकडं बघून पान चघळत होते. टेबलावर एका बाजूला निळं औषध, दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या. माझ्या डोळ्यांपुढं एकामागून एक धडधाकट माणसं सही घेऊन चालली होती, आणि त्यांच्यामागं काडी आणि सुतळी.

"निकाल नाही, सर," मी म्हणालो. "या बाटल्यांतलं यांच्यापैकी कुणाचंच नाही."

"डॉक्टर!" हंबीररावांचा आवाज चढला.

मेजरांनी एक बाटली उचलली, बूच काढलं आणि मोगऱ्याचा गजरा हुंगावा तशी हुंगली. मी डोळे मिटले. "सगळं एकाच घोड्याचं दिसतंय," ते म्हणाले. "घोडा कुठाय?"

हलगी थांबली. ओळीतले सगळे फेटे खाली झुकले. आणि आकाराम उठला, पुढं आला, आणि खणखणीत शड्डू ठोकला.

"माझं हाय, सायब. काय, मारलं का न्हाय मैदान?"

इतका आनंद त्याच्या तोंडावर होता की मला बघवेना. मी ड्रायव्हरांकडं बघितलं. एकजण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. कृष्णात फेट्याचा शेमला चावत होता. हंबीरराव म्हणाले, "मारलंस, आकाराम, मारलंस. जा आता, तालमीत जा." आणि हातानं मला गप्प राहायची खूण केली. तो हात विड्यानं लाल झालेला होता.

"पैलवान," मी म्हटलं, "बसा. डावा पाय बघू."

"पायाचं काय? मुताची कुस्ती हाय न्हवं?"

"पाय दाखवा."

तो वरमला. "काय न्हाय ओ, काटा गेलता. हळद भरलीया."

त्यानं पाय पुढं केला आणि मी चिंध्या सोडायला लागलो. चिंधीखाली चिंधी. हळद, एरंडेल, चुलीतली राख, आणि त्याखाली जे होतं ते मी लिहीत नाही. करंगळी होती तिथं करंगळी नव्हती म्हटलं तरी चालेल. वास असा उसळला की हलगीवाल्याच्या हातातल्या हलगीचं चामडं ढिलं पडलं, आणि माझ्या दवाखान्याच्या भिंतीचा चुना, नुकताच दिलेला, पोपडा धरून खाली आला. बोंबलाच्या पोत्यांवर झोपणारे ते ड्रायव्हर, कानात वंगण साठवणारे, फेट्याची टोकं नाकाला लावून मागं सरकले. हंबीरराव तर रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले, अत्तराचा बोळा नाकपुडीत कोंबून. ज्याचं मूत करंडीत घालून मिरवत आणलं, त्याच्या पायाजवळ कुणी थांबेना.

मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला ओकारी आली. पायाकडं बघितलं तेव्हा जरा दबली. मग मी पायाकडंच बघत राहिलो.

गरम पाणी मागवलं. धुवायला सुरुवात केली. हात मनगटापर्यंत त्यात होते. "दुखतंय?" मी विचारलं.

"न्हाय. कवाचंच दुखत न्हाय त्ये."

तेच तर वाईट होतं.

"तुमच्या रक्तात साखर साठलीय, पैलवान. तहान लागते ती त्यानं. जखम भरत नाही तीही त्यानंच. गूळ, थंडाई, जिलबी, सगळं बंद. कुस्तीही."

"ह्या वक्ताची?"

"आता नाहीच."

 तो आपला पाय दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. मग वळून ओळीकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "मग काय ही समदी नापास व्हय, माझ्यापायी?"

मी कापसाचा बोळा परत गरम पाण्यात बुडवला. "नाही," मी म्हणालो. "त्यांचं अजून तपासायचंय."

"तपासा, तपासा. गरीब हाईत. पोटावर पाय नगा देऊसा त्यांच्या."

कृष्णातानं तेव्हा तोंड फिरवलं आणि हमसून रडायला लागला. नाकावरचं फेट्याचं टोक त्यानं त्याच कामाला लावलं, आणि मग तेच टोक मला 'ह्ये घ्या, पाय पुसाय' म्हणून पुढं केलं. मी घेतलं नाही. माणसाच्या चांगुलपणालासुद्धा शेंबूड असतो.

मेजरांनी सगळ्यांना परसात रांगेत उभं केलं आणि समोर उभं राहून ताज्या बाटल्या भरून घेतल्या. ते वर्णन माझ्याकडून अपेक्षू नका. आधी मी औषध तापवलं, मग मेजरांनी. कृष्णाताचं निळं. पुढच्याचं निळं. सगळ्यांचं आभाळासारखं निळं. ज्ञानूचं तेवढं दिव्याजवळ नेताच भडकलं, पण ते साखरेनं नव्हे, आदल्या दिवशीच्या हातभट्टीनं. म्हणजे बघा, ही माणसं आपल्या स्वतःच्या अंगावर बिनघोर पास झाली असती. आपण पुरे पडणार नाही या भीतीनं त्यांनी आपल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला पुढं केलं होतं.

"जुळलं," मेजर म्हणाले. "परवाना येईल. या पैलवानाला माझ्या गाडीत घाला, ते सडलेलं बोट मी आजच काढतो. आणि हेर्लेकर, तोंड सुधारा."

मी त्याच दिवशी सासऱ्यांना नेसरीला येत नाही म्हणून कळवून टाकलं. सासऱ्यांनी जागा दुसऱ्याला देऊन टाकली. मी हात धुतले, आणि त्या दिवशी एकदाच धुतले.

तिकडं हंबीररावांना कुस्ती मागं घ्यावी लागली. जाहिरातींवर काळं फासायला माणसं फिरली आणि फासता फासता सांगत गेली, की चष्मेवाल्या डॉक्टरानं पैलवानाला बाटली हुंगून पाडलं. पंजाबच्या गड्याकडून पैसे खाल्ले म्हणे. खासबागेच्या कुस्तीमैदानात जागा धरून ठेवलेल्या लोकांनी राग कुठं काढायचा? एका सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पाटी दिसेना. दार दिसेना. शेण. नुसतं शेण नव्हे, पेठेतल्या सगळ्या म्हशींनी ठराव करून जमवलेलं शेण. गोठ्यातली कुजलेली वैरण, अंड्यांची टरफलं, त्यात एक मेलेली घूससुद्धा.

मी सदरा काढला, सरोजिनीला घरून बादली आणि खराटा घेऊन बोलावलं आणि खरवडायला लागलो. ती आतून पाणी आणून देत होती. आकाराम काठी टेकत पट्टी बदलायला आला.  तुपाच्या डब्यासारखा चकचकीत गुंडाळलेला पाय पुढं सोडून तो पायरीवर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं नुसतं बघायला लागला. तो बसल्यापासून नवीन शेण आलं नाही, एवढं खरं.

तेवढ्यात पोस्टमन आला. लांब पाकीट, सरकारी शिक्का. त्यानं हात पुढं केला. मी माझे हात बघितले. कोपरापर्यंत हिरवे.

"घ्या की, डाक्टर."

"कसा घेऊ?"

सरोजिनीनं पदराला हात पुसून पाकीट घेतलं आणि उंबऱ्यात उभं राहून वाचून दाखवलं. अमुक तारखेपासून डॉक्टर हेर्लेकर यांना भाड्याच्या वाहनांच्या चालकांची तपासणी करण्याचा अधिकार देण्यात येत आहे.

"काय आलंय?" आकारामानं विचारलं.

"ड्रायव्हर तपासायचा परवाना," ती म्हणाली.

"मग येतील की आता."

तेवढ्यात खरंच एक लॉरी आली. हंबीररावांचीच, गुळाच्या ढेपांनी लादलेली. आमच्या दारासमोर तिचा वेग कमी झाला. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. नवीन गडी होता, मी कधी न पाहिलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, गाल फुगवला आणि चालत्या गाडीतून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून, तंबाखूची अशी पिचकारी सोडली की ती आकारामाच्या डोक्यावरून गेली आणि मी नुकत्याच धुतलेल्या 'डॉ.'च्या बरोबर टिंबावर बसली. मग तो गाडी न डगमगता वळवून निघून गेला.

परवाना मिळाल्यावर मी तपासलेला तो पहिला ड्रायव्हर, आणि हंबीररावांनी दिलेल्या शब्दाप्रमाणं त्यानंतर कितीतरी महिने तो एकटाच. दृष्टी उत्तम. अंतराचा अंदाज अचूक. छातीत दम भरपूर. हात स्थिर. मी त्याला मनातल्या मनात पास केलं आणि खराटा परत बादलीत बुडवला.